करवतचं उत्तर

घशाच्या ऑपरेशनमध्ये दादाचा आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी तो रोज बहिणीच्या शिवणाच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून पडद्यांच्या कापडाच्या ताग्यांमध्ये बसून, माइकपुढे वाक्यामागून वाक्यं वाचत राहिला. त्या रेकॉर्डिंगवरून एका सॉफ्टवेअरने त्याच्या आवाजाचा साचा तयार केला. ते सॉफ्टवेअर हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं होतं. कुणीही घ्यावं, वापरावं, उघडून बघावं. आता दादा टाइप करी आणि कॉम्प्युटर त्याच्याच आवाजात बोले. जरा सपाट, पण त्याचाच. घरी आल्यावर पहिलं वाक्य त्याने ऐकवलं ते हे, "मुंगे, रडू नकोस, गिऱ्हाइकाच्या पडद्यावर डाग पडतील."

मग एका सकाळी कॉम्प्युटरची सिस्टीम आपणहून अपडेट झाली आणि स्पीकर मुका झाला. दादाने सगळं करून पाहिलं. शेवटी कागदावर "दुसऱ्यांदा गेला" असं लिहून त्याने पेन खाली ठेवलं.

बहिणीने सॉफ्टवेअरच्या फोरमवर प्रश्न टाकला. पहिलं उत्तर आलं ते 'करवत' नावाने लिहिणाऱ्या गृहस्थाचं.

"विकतची, बंदिस्त सिस्टीम वापरायची आणि ती बिघडली की आमच्या दारात यायचं. छप्पर घरमालकाचं, गळतंय म्हणून बोंब शेजाऱ्याच्या नावाने! आधी ती सिस्टीम काढून टाका."

बहिणीचे डोळे भरून आले. तेवढ्यात 'निवांत' नावाचा कुणीतरी तिच्या बाजूने धावून आला. नवख्या माणसाशी बोलायची ही रीत आहे का, असं त्याने विचारलं. त्यावर तिसरा आला, चौथा आला. शब्दाने शब्द वाढला. कुणी फुकट्यांचा उद्धार केला, कुणी करवतचं खानदान काढलं. दुपारपर्यंत पानंच्या पानं भरली, पण स्पीकर का बोलत नाही, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

"भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली," ती म्हणाली. "पुसूनच टाकते तो प्रश्न."

दादाने तिचं मनगट धरलं, कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि लिहिलं,

"प्रश्न माझा आहे. मी घरांचे नकाशे काढतो. नकाशाचं सॉफ्टवेअर याच सिस्टीमवर चालतं आणि माझं पोट त्याच्यावर. काम करता करता गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं, म्हणून आवाजही इथेच हवा. करवत, तुमचं म्हणणं मला पटतं. ज्या घराची किल्ली आपल्याकडे नाही, तिथे आपली वस्तू ठेवू नये. पण आज ती तिथे अडकली आहे. निवांत, तुमचे आभार, पण माझ्या वतीने कुणाला शिव्या देऊ नका. बोलता येईल तेव्हा माझ्या मी देईन."

निवांतने हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाकीचे पांगले.

बऱ्याच वेळाने करवत आला. ना नमस्कार, ना चमत्कार. "साचा कुठल्या फोल्डरमध्ये आहे?" त्याने विचारलं. बहीण एकेक गोष्ट बघून कळवत गेली. तो पुढचं विचारत गेला. चुकलं तर "नाही, पुन्हा" एवढंच लिही, पण कंटाळला नाही. उन्हं कलली तेव्हा त्याने लिहिलं, "अपडेटने त्या फोल्डरला कुलूप लावलंय. साचा बाहेर काढून मी सांगतो तिथे ठेवा." तिने तसं केल्यावर त्याने लिहिलं, "आता बोला."

दादाने टाइप केलं. स्पीकर खरखरला आणि म्हणाला, "आलो."

बहिणीने लगेच आभार कळवले. करवतचं उत्तर आलं, "माझं मत बदललेलं नाही. पुढच्या अपडेटला पुन्हा बिघडेल, तेव्हा लिहा. साच्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा."

"एक 'माफ करा' म्हणाला असता, तर काय जीभ झडली असती?" ती फणकारली.

"गोड बोलणाऱ्यांनी दुपारपर्यंत भांडण केलं," दादाचा आवाज म्हणाला. "काम याने केलं."

"म्हणून सकाळी मी रडले ते खोटं?"

दादाने काहीतरी टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. "नाही. तेही खरंच."

तेव्हा तिने करवतला शेवटचं लिहिलं, "तुमच्यामुळे दादाचा आवाज आला. पण तुमचं पहिलं उत्तर आणि त्यावरचं भांडण वाचून मी प्रश्न पुसणार होते. पुसला असता तर हे उत्तर तुम्ही कुणाला दिलं असतं?"

तिने उत्तराची वाट पाहिली, मग पाहणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याला मधली भिंत पाडून खोली मोठी करायची होती. दादाने फोन स्पीकरजवळ ठेवला.

"ती भिंत पाडता येणार नाही. वरचा मजला तिच्यावर उभा आहे."

गिऱ्हाईक हटून बसलं. दादाही हटला नाही. हातातलं शिवण टाकून बहीण दारात येऊन ऐकत राहिली.

"तुमचा आवाज असा का येतोय?" मध्येच गिऱ्हाइकाने विचारलं. "सर्दी झालीय का?"

दादाने टाइप केलं.

"आता बरा आहे," तो म्हणाला. "तर भिंतीचं सांगत होतो."