चार अंडी आणि पिवळा भात

मित्रांनो, भिऊ नका. मी एक म्हातारी अजगर-मादी आहे आणि घाबरले की स्वतःच चेंडूसारखी गोळा होते. जावा बेटावर, क्लातेन गावात, सायकली दुरुस्त करणाऱ्या तार्मुजींच्या घरी माझं आयुष्य गेलं.

माझी आई पांढरी होती. मी मात्र तपकिरी निघाले. तिचा पांढरा गुण माझ्यात लपलेला आहे, दिसत नाही एवढंच. तार्मुजींनी तशाच लपलेल्या गुणाचा नर आणला. आई आणि बाप दोघांकडूनही तो गुण मिळाला तरच पोर पांढरं होतं. म्हणजे दर अंड्याला चारात एक संधी.

मी चार अंडी घातली. झालं! "चारात एक, म्हणजे एक पांढरं नक्की," असं तार्मुजी गावभर सांगत सुटले. दोन महिन्यांनी तीन पोरं बाहेर आली, तिन्ही तपकिरी. तार्मुजी उलट खूश झाले. आता उरलेल्या अंड्यात पांढरंच असणार! त्यांनी शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं आणि तिथे शुभप्रसंगी रचतात तसा पिवळ्या भाताचा उंच डोंगर रचला.

चौथं पोरही तपकिरीच निघालं.

"भात पिवळा, पोर तपकिरी," शेजारचे पार्मिन जेवता जेवता म्हणाले. "पांढरं काय ते तुझं तोंड!"

सगळे हसले. मला तार्मुजींची फार दया आली, पण त्यांचा राग निघाला तो माझ्यावरच. पाहुणे गेल्यावर त्यांनी मला पिशवीत घातलं आणि गाठ मारली.

"हिच्यात काही नाही. हिला विकणाऱ्याने मला टोपी घातली. उद्या जत्रेतल्या गारुड्याला देऊन टाकतो."

त्या गारुड्याकडची जनावरं फार दिवस जगत नाहीत. पिशवीत मी घट्ट चेंडू होऊन बसले.

तार्मुजींच्या बायकोने, सुमिराबाईंनी, दाकोन खेळायच्या चार कवड्या आणल्या. दोन कोळशाने काळ्या केल्या आणि दोन वाट्यांत एक काळी, एक पांढरी अशा टाकल्या.

"ही वाटी आईची, ही बापाची. डोळे मिटून दोन्हींतून एकेक काढा. दोन्ही पांढऱ्या आल्या तर पोर पांढरं. मग कवड्या परत आत टाका."

चारदा काढल्या. जोडी पांढरी आलीच नाही. पुढच्या चारांत दोनदा आली.

"अगं, असं कसं?"

"अहो, आधी काय निघालं ते वाटी लक्षात ठेवते का? मग अंडं कसं ठेवेल? चार-चारच्या अशा तीन खेपांत साधारण एक कोरी जाते. हिने काय वाईट केलंय तुमचं?"

तार्मुजी बराच वेळ कवड्या चाळवत बसले. मग म्हणाले, "बरं, पुन्हा एकदा बघू."

"आणि पुन्हा नाही आलं पांढरं तर?"

ते उठले आणि पिशवीची गाठ सोडायला लागले. ती घट्ट बसली होती, म्हणून शेवटी दातांनी सोडवली. मला हातावर घेऊन म्हणाले, "तरी ही इथेच राहील."

मित्रांनो, आम्हाला जरूर पाळा. आमची ऊब, पाणी आणि लपायची जागा सांभाळा. संधीचं गणितही शिका. पण ते आमच्याकडून वचन म्हणून वसूल करू नका. यंदा मी पुन्हा अंडी घातली आहेत, या वेळी पाच, आणि तार्मुजींनी अजून कुणालाच जेवायला बोलावलेलं नाही.