कडीचा जागतिक प्रश्न

शिक्षक संघाच्या कार्यालयात बसायला दोन खुर्च्या होत्या आणि त्यातली एक लंगडी. भिंतीला मात्र उसंत नव्हती. विभागीय कामगार महासंघाची पाटी, तिच्या शेजारी खंडभरच्या शिक्षक परिषदेची, आणि सगळ्यांच्या वर, रुसलेल्या थोरल्या जावयासारखी जरा तिरकी, जागतिक संघटनेची पितळी पाटी. या सगळ्यांशी संघ संलग्न होता. शिक्षकांशी संलग्न व्हायचं तेवढं राहून गेलं होतं.

लंगड्या खुर्चीवर तिसरीच्या बाई तोल सावरत बसल्या होत्या. समोर संघाचे अध्यक्ष. त्यांना सगळे ठरावराव म्हणत, कारण ते चहासुद्धा ठराव मांडून पीत.

"माझी बदली तेवढी थांबवा हो. तान्ही पोर अंगावर पितेय, सासूबाईंना दिसत नाही. नदीपलीकडच्या शाळेत जाऊ कशी?"

"गुन्हा काय केलात?"

"कडी मागितली."

बाईंच्या शाळेत शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला दार होतं, कडी नव्हती. म्हणून आत गेलेलीने मोठ्याने गायचं, असा रिवाज पडला होता. गाणं सासूबाईंनी रचून दिलेलं:

आत मी गं, आत मी गं, थांब बाई दारी,
वाऱ्यालाही सांग जरा, येऊ नको घरी.

त्या दाराआड बाई गाऊन गाऊन थकल्या, पण कडी काही आली नाही. मग त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि बदलीचा हुकूम आला.

"साहेबांचं ऑफिस समोरच तर आहे," बाई म्हणाल्या. खिडकीतून साहेबांचा पंखासुद्धा फिरताना दिसत होता. "रस्ता ओलांडून एक शब्द टाकलात तर?"

ठरावराव दचकले. "असं थेट? अहो बाई, आपण संलग्न आहोत! काही शिस्त असते. तुमचं प्रकरण वर पाठवतो."

वर पाठवणं हाच संघाचा धर्म. खालून आलेलं वाचायचं नाही, वर धाडायचं. वरून आलेलं वाचायचं नाही, भिंतीवर टांगायचं. बाईंचं प्रकरण न वाचताच वर गेलं. विभागाने खंडाकडे ढकललं, खंडाने जगाकडे. वाटेत कुणीतरी काळजीवाहू माणसाने सुरक्षिततेसाठी बाईंचं नाव, गाव आणि देश खोडून टाकला.

"काय म्हणाला गं तुझा संघ?" सासूबाईंनी पाळणा हलवत विचारलं.

"जगाला कळवतो म्हणाला."

"बरं झालं. जगाला कळेल तोवर ही पोर शाळेत जाईल."

पुढच्याच आठवड्यात संघाचं अधिवेशन भरलं. जागतिक संघटनेचे पाहुणे आले. मंचावर ठरावराव, शेजारी प्रमुख अतिथी म्हणून खुद्द शिक्षणाधिकारी, आणि दुभाषी म्हणून भूगोलाचे सर. बाई मागच्या रांगेत, कडेवर पोर.

पाहुणे बोलू लागले, भूगोलाचे सर सांगू लागले: "जगाच्या पाठीवर एक शिक्षिका आहे. तिचं नाव सांगता येत नाही. तिने फक्त कडी मागितली, तर तिला तान्ह्या लेकरासह घालवून दिलं. त्या शाळेत शिक्षिका दाराआड गाणं म्हणतात, आत कोणी आहे हे कळावं म्हणून."

शिक्षिकांच्या रांगांतून एक कोपरखळी सरसरत गेली.

"अगं, ही तर आपली–"

"श्श! ऐक पुढे."

ठरावरावांनी डोळे टिपले. "कुठल्या रानटी देशात घडतं हो हे! असल्या अधिकाऱ्याचा मी धिक्कार करतो. बदली तात्काळ रद्द व्हावी, असा ठराव मांडतो. अनुमोदन?"

परदेशातल्या अन्यायावर संतापायला काही मोजावं लागत नाही. साहेबांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. "माझं अनुमोदन! असल्यांना शरम कशी वाटत नाही?"

टाळ्या कडाडल्या. त्या विरल्या तशा मागच्या रांगेत तिसरीच्या बाई उभ्या राहिल्या. पोरीला छातीशी धरून त्यांनी हळूच सूर लावला, "आत मी गं, आत मी गं..."

दुसरी उठली. मग चौथीची, सातवीची, शिवणाची. सभागृहभर गाणं पसरलं, जसं वाफ्यात सोडलेलं पाणी सरीसरीतून धावतं.

पाहुण्यांनी विचारलं, हे काय? भूगोलाच्या सरांनी जन्मात पहिल्यांदा नकाशा सोडून खरी जागा दाखवली. बोट आधी बाईंकडे, मग साहेबांकडे.

साहेबांचा हात अजून वरच होता. तो खाली कसा आणावा हे त्यांना कळेना.

"साहेब, अनुमोदन तुमचंच आहे," बाई म्हणाल्या. "बदली रद्दची सही इथेच करता का?"

पाहुणे पेन पुढे करून उभे. साहेबांनी सही केली. ठरावराव कानात पुटपुटले, "बाई, आधी सांगायचंत की हो तुमचंच आहे ते!"

"सांगितलं होतं. तुम्ही वर पाठवलंत."

बाई आपल्याच शाळेत राहिल्या. सुतार आला, कडी लागली. मागोमाग ठरावरावही आले, 'आंतरराष्ट्रीय एकजुटीचा विजय' अशी नवी पितळी पाटी घेऊन. कार्यालयाच्या भिंतीवर तिळभर जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी ती त्याच दारावर ठोकली.

आत कडी लावून कुणीतरी गात होतं.