पाचव्या फेरीतलं ‘नको’

मित्रांनो, ही हकिकत २०२२ सालची. त्या वर्षी शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावातला आमचा सिद्धेश बेसबॉलच्या एका बड्या संघात जाता जाता राहिला. तो का राहिला, याबद्दल घरातल्या चार माणसांची आजही चार मतं आहेत. माझं मत मात्र खात्रीचं आहे, कारण तो फोन माझ्याच हातावर वाजला.

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. अ‍ॅल्युमिनियमचे पाय, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची बैठक आणि दोन बाजूंना दोन हात, एवढंच माझं रूप. माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. १९८३ साली राजाराम नावाच्या एका मराठी इंजिनिअरांनी मला दुकानातून घरी आणलं. दुकानदार जोडी घ्या म्हणत होता. पण राजाराम बायकोला म्हणाले, “दोन वर्षांत परतच जायचंय. कशाला दोन?”

परत कोणी गेलं नाही. नवरा-बायको पंचवीस उन्हाळे आळीपाळीने माझ्यावर बसले. मग राजाराम गेले, आळीपाळी संपली, आणि मी एकट्या वसुधाआजींची झाले.

त्यांची मुलगी नीलांबरी इथेच वाढली. जावई नरेंद्रराव जोगळेकर मात्र ऐन पंचविशीत नाशिकहून आलेले. त्यांचा मुलगा सिद्धेश आठ वर्षांचा असताना बेसबॉल खेळू लागला, आणि माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस सुरू झाले. प्रत्येक सामन्याला आजी मला काखेत मारून नेत. इतर आयांच्या खुर्च्या नव्या होत्या, त्यांना पेला ठेवायला खिसे होते. पण पाठीला माझ्याइतका आधार एकीचाही नव्हता. हे मी नाही, आजीच सगळ्यांना सांगत.

सिद्धेश चेंडू फेकायचा. सतरा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या चेंडूचा वेग ताशी नव्वद मैलांच्या पुढे गेला, आणि जाळीमागे हातात वेग मोजायचं यंत्र घेतलेली माणसं दिसू लागली. ती मोठ्या संघांनी पाठवलेली पारखी माणसं. त्यांतला एक डेल. साठीचा, आडव्या अंगाचा आणि कमी बोलणारा.

डेल घरी यायचं म्हणाला, तेव्हा आजींनी त्याला पाडव्यालाच जेवायला बोलावलं. टेबलाशी जागा कमी पडली म्हणून मला आत घेतलं, आणि डेल नेमका माझ्यावर बसला. माझा मागचा डावा पाय वाकडा आहे ना, तो त्या दिवसापासून.

पहिली वाटी श्रीखंड संपल्यावर डेल म्हणाला, “नो, थँक यू.”

आजींनी दुसरी वाटी वाढली.

“रिअली, नो.”

तिसरी आली. पाच वाट्या झाल्यावर त्या बिचाऱ्याने हात टेकले आणि कामाचं बोलायला सुरुवात केली. दर जुलैत सगळे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. शाळा संपवलेला मुलगा तेव्हा थेट संघात जाऊ शकतो. पण तो आधी मोठ्या कॉलेजात गेला, तर पुढची तीन वर्षं त्याला कोणी निवडू शकत नाही.

“काही संघांना कॉलेजातली मुलं आवडतात,” डेल म्हणाला. “ती काय आहेत ते समोर दिसतं. मला शाळेतली आवडतात. ती काय होतील, ते ओळखण्यात मजा आहे.”

“म्हणजे आंबा घ्यायचा की कैरी,” आजी म्हणाल्या.

नीलांबरीने त्याला त्याचा अर्थ सांगितला. “सिद्धेश कॉलेजात जाईल,” असंही तिने त्याच वाक्यात जोडून टाकलं. दक्षिणेकडच्या एका कॉलेजाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली होती.

“मॉम! आय वॉन्ट टु प्ले नाऊ,” सिद्धेश म्हणाला.

नरेंद्ररावांनी डेलला सहावी वाटी घेण्याचा आग्रह केला.

ड्राफ्टचा दुसरा दिवस सोमवारी होता. दुपारी सगळी मंडळी मागच्या अंगणात मेपलच्या सावलीत लॅपटॉप लावून बसली. आजी माझ्यावर होत्या, आणि नरेंद्ररावांचा फोन माझ्या उजव्या हातावर. घरातले सगळे फॉर्म तेच भरत, त्यामुळे सगळीकडे नंबरही त्यांचाच होता. पाचवी फेरी सुरू झाली तशी आजींनी सिद्धेशला देवाला नमस्कार करायला आत पाठवलं. तेवढ्यात फोन वाजला.

“मिस्टर जे,” डेलचा आवाज आला. जोगळेकर हे नाव त्याला कधीच पेललं नाही. “दोन मिनिटांत आमची पाळी आहे. आम्ही सिद्धेशला घेतोय. तो सही करेल ना? हो की नाही, एवढंच सांगा.”

नरेंद्ररावांचा चेहरा फुलला. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

“अरे नाही, नाही, डेल! कशाला उगीच? लहान आहे हो तो अजून. तुम्ही आधी दुसऱ्या कोणाला तरी घ्या.” हे सगळं ते इंग्रजीत बोलले, पण बोलणं पक्कं नाशिकचं होतं.

पलीकडून डेलने विचारलं, “आर यू शुअर?”

“येस, येस, शुअर. प्लीज, नो फॉर्मॅलिटी.”

फोन बंद झाला. नरेंद्रराव आनंदाने घामाघूम झाले होते. “डेल होता! सिद्धेशला घेतायत!”

“मग तू काय म्हणालास?” नीलांबरीने विचारलं.

“नको म्हटलं.”

“व्हॉट?”

“अगं, एकदम हो कसं म्हणायचं? परत विचारेल की तो.”

“बरोबर केलंत, नरेंद्रराव,” आजी म्हणाल्या. “पहिल्या झटक्यात हो म्हटलं तर हपापलेले दिसतो आपण.”

मित्रांनो, मी त्या घरात चाळीस वर्षं काढलेली. मलाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. पहिलं विचारणं म्हणजे रीत, दुसरं म्हणजे आग्रह, आणि तिसऱ्याला हो म्हणायचं. आम्ही तिघं तिसऱ्याची वाट बघत बसलो. नीलांबरी एकटी म्हणत होती, “कॉल हिम बॅक! नरेंद्र, आत्ता!”

लॅपटॉपवर त्या संघाची पाळी आली. आयोवातल्या कुठल्याशा मुलाचं नाव पुकारलं गेलं. त्याच वेळी सिद्धेश कपाळाला कुंकू लावून बाहेर आला.

त्याला सगळं सांगितलं गेलं. तो ओरडला नाही. बापाकडे बघून एवढंच म्हणाला, “बाबा, खरं सांग. तू पोलाइट होतास, की तुला मी जायलाच नको होतो?”

माझा हात नरेंद्ररावांच्या मुठीत होता, म्हणून मला कळलं की त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं.

सिद्धेशने आजींना उठवलं, मला उचललं आणि गॅरेजमध्ये नेऊन आतून दार लावलं. तीन तास तो माझ्यावर बसला होता. रडला नाही, फोनही पाहिला नाही, नुसता चेंडू हातात फिरवत राहिला. आजींनी दाराबाहेरून दोनदा चहा विचारला. “नको,” तो म्हणाला. आजींनी तो चहा दाराच्या फटीशी ठेवून दिला.

संध्याकाळी तो बाहेर पडल्यावर नरेंद्रराव आत आले. मला घडी घातली, गाडीत टाकली आणि थेट शॉमबर्गच्या मैदानावर आले. त्या दिवशी डेल तिथे एक सामना बघत होता. नरेंद्ररावांनी मला त्याच्या शेजारी उघडलं, पण बसले नाहीत. पाठीला धरून उभे राहिले.

“डेल, आमच्यात पहिलं नको हे खरं नको नसतं.”

डेलने यंत्र खाली ठेवलं. “मग खरं नको कसं असतं?”

“ते आम्ही बोलत नाही. विषय बदलतो.”

“पाच वाट्या खाल्ल्यावर तरी मला हे कळायला हवं होतं,” डेल म्हणाला.

मग नरेंद्ररावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे तरी सरळ काही मागितलं. “माझ्या मुलाला परत विचारा. मला नको, त्याला विचारा. मला तो कॉलेजात जायला हवाय. म्हणूनच मी त्याच्या वतीने बोलणं चूक होतं.” एवढं बोलून ते माझ्यावर धपकन बसले. वाकड्या पायाने मी त्यांना कसंबसं सावरलं.

दुसऱ्या दिवशी अठराव्या फेरीत सिद्धेशचं नाव पुकारलं गेलं. सही करायला महिनाअखेरपर्यंत मुदत होती. शनिवारी डेल कागद घेऊन घरी आला. या खेपेला त्याला सोफ्यावर बसवलं, देव त्यांचं भलं करो.

सिद्धेशने कागदाला हात लावला नाही. “तुम्ही खेळायचात ना? तुम्ही कधी गेलात?”

“अठराव्या वर्षी. शाळेतून थेट.”

“मग?”

“तिथे कॉलेजातून आलेली मुलं होती. माझ्याहून चांगली खेळत नव्हती. पण त्यांना हरून झोपता येत होतं. मी शाळेत कधी हरलोच नव्हतो. पहिल्या वाईट महिन्यात मी आतून संपलो. खांदा नंतर गेला.” डेलने टोपी काढली. “तरी पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा जाईन. म्हणून हा प्रश्न मला विचारायचा नसतो.”

“एक फोन चुकला तर मी तीन तास गॅरेजमध्ये बसलो,” सिद्धेश म्हणाला. “नो, थँक यू, डेल. मी कॉलेजला जातो.”

“अरे, लाजू नकोस!” आजी म्हणाल्या.

“सिद्धू, माझ्यासाठी नको हं म्हणूस,” नरेंद्रराव घाईने म्हणाले. “हवं तर बाप म्हणून आय विल साइन टुडे!”

नीलांबरीला हवं तेच झालं होतं, पण तिलाही राहवेना. “परत एकदा विचार कर.”

डेल हसला. “या घरात मी तीनदा ऐकल्याशिवाय उठत नाही.”

“नो,” सिद्धेश म्हणाला. “नको. खरंखुरं नको.”

डेलने कागद उचलले आणि त्याच्याशी हात मिळवला.

आता पुढचं सांगते. सिद्धेश कॉलेजात गेला आणि इंजिनिअरिंग सोडून इतिहास शिकला. त्या धक्क्यातून घर अजून सावरतंय. पहिल्या वर्षी तो पुष्कळ सामने हरला. २०२५च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या एका संघाने त्याला सहाव्या फेरीत निवडलं. फोन त्याच्याच हातात होता आणि समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत तो हो म्हणाला. सध्या तो त्यांच्याच, एका छोट्या गावातल्या शिकाऊ संघात आहे, रात्रभर बसचे प्रवास करतो आणि हरला तरी आजींना फोन करतो.

डेल निवृत्त झाला. आयोवाचा तो मुलगा कसा निघाला, हे तो कोणाला सांगत नाही. नीलांबरी आता कोणीही नको म्हटलं की विचारते, “खरं की खोटं?” नरेंद्ररावांना ऑफिसात बढती विचारली, तेव्हा ते पहिल्याच शब्दाला हो म्हणाले. नंतर दोन दिवस त्यांना फार अपराधी वाटत होतं.

वसुधाआजींचे गुडघे आता गवतावर चालू देत नाहीत. त्या सिद्धेशचे सामने आत सोफ्यावर बसून टॅबलेटवर बघतात. आणि मी गॅरेजमध्ये असते, बर्फाचं फावडं आणि बर्फावर टाकायच्या मिठाचं पोतं यांच्या मधे. मिठाने माझे खिळे गंजलेत. तीन पट्ट्या तुटल्या आहेत.

तक्रार नाही, मित्रांनो. पण तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल. तिला पावसात विसरू नका. ओली झाली तर पुसून मिटा, आणि वर्षातून एकदा तरी उन्हात उघडून ठेवा. माणसांना तीनदा नको म्हणता येतं, आम्हा खुर्च्यांना एकदाही म्हणता येत नाही. तेव्हा बसण्याआधी जरा आमच्या पायांकडे बघत जा.