शेवटचा थर

"पाय मागं घे," बास्सू म्हणाला.

"माझा पाय जागेवरच आहे, उस्ताद. तुमचाच धुम्मस पुढं सरकतोय."

धप्प.

मातीच्या भिंतीवरच्या फळ्यांच्या साच्यात दोघं समोरासमोर उभे. रुंदी हातभर. एकाचा चोपायचा लाकडी धुम्मस मातीवर आदळला की दुसऱ्याने आपला उचलायचा. ताल चुकला की हाड मोडणार. हद्दूला हा ताल बास्सूनेच शिकवला होता, पाठीत बुक्के घालून. हद्दूला आणि इदिरला, दोघांनाही.

इदिर म्हणजे बास्सूचा मुलगा.

धप्प.

मागच्या उन्हाळ्यात पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि हद्दूने इदिरच्या डोक्यात कुदळ घातली. एकदाच. मग तो डोंगरापलीकडे पळाला. वसंतात बर्फ वितळलं आणि धान्याच्या सामाईक कोठाराची भिंत बसली. नवी उभी राहिली नाही तर साऱ्या गावाचे जव कुजणार. भिंत चोपणारे तीन होते. एक जमिनीखाली. म्हणून जमातीने हद्दूला परत बोलावलं आणि ठरवलं, भिंत पुरी होईपर्यंत कुणी कुणाचं रक्त सांडायचं नाही.

पुरी झाल्यावर काय, ते कुणी बोललं नाही.

धप्प.

आज शेवटचा थर.

इदिरची आई, इत्तो, मातीची टोपली पाठीवर घेऊन शिडी चढून आली. रोज चढायची आणि रोज तेच विचारायची.

"इदिरच्या बापा, आज?"

बास्सूने पायाखालची माती सारखी केली. टोपली रिकामी करताना ती हद्दूकडे वळली. "खाऊन आलास का रे? माझ्या लेकाला त्या दिवशी उपाशीच पाठवलंस."

"मावशी, माती टाक."

"मावशी म्हणू नकोस, तोंडात शेण घालीन!"

माती पडली.

धप्प.

धप्प.

पुढचा आवाज ओला आला.

बास्सूचा धुम्मस हद्दूच्या उजव्या पायावर पडला होता. चुकून नाही. वर उचलतानाच त्याने नेम धरला होता, ते हद्दूने पाहिलं होतं, आणि पाय मागं घेतला नव्हता. बोटं मातीसारखीच चपटी झाली. हद्दूच्या घशातून बैलासारखा आवाज निघाला. खाली माणसं ओरडली. कुणी शिडीला हात घातला.

"वर येऊ नका!" बास्सू गरजला.

आता पाळी हद्दूची. त्याचा धुम्मस डोक्याच्या वर गेला. बास्सूने आपला खाली ठेवला, मान वाकवली. पांढऱ्या केसांची टाळू हद्दूच्या बरोबर खाली आली. बापाची टाळू मुलासारखीच होती, मध्ये भोवरा असलेली.

धुम्मस तसाच वर राहिला.

मग पडला. मातीवर.

धप्प.

"उस्ताद," हद्दू दात आवळून म्हणाला, "तुमची पाळी. थर अर्धा सोडला तर तडा जातो. तुम्हीच सांगायचात."

बास्सूने मान वर केली. मग वाकून त्याने धुम्मस उचलला.

"मार, मार त्याला!" इत्तो किंचाळली. बास्सूने मारलं, मातीवर. ती त्याच्या तोंडावर थुंकली. तो पुसत बसला नाही. दोन्ही हात गुंतले होते. मग ती रडत खाली गेली, टोपली भरून पुन्हा वर आली आणि सगळी माती रक्तावर ओतली.

त्यांनी तीही चोपली.

धप्प.

धप्प.

सूर्य कलला तेव्हा थर पुरा झाला. हद्दूला चौघांनी खाली उतरवलं. पुन्हा डोंगरापलीकडे जा, असं त्याला कुणी सांगितलं नाही. राहा, असंही नाही.

भिंत उभी आहे. पावसाने फक्त वरचा थर झिजतो. तिथले घाव एकसारखे बसले नव्हते. म्हणून दर वर्षी पेरणीनंतर हद्दू गवत कालवलेला चिखल घेऊन लंगडत येतो आणि लिंपायला शिडी चढतो. शिडी जुनी आहे, खाली कुणाला तरी धरावीच लागते.

बास्सू धरतो. वर बघत नाही. वर एका पायावर तोल सांभाळत हद्दू लिंपत असतो, आणि शिडी हलत नाही.