माझ्या हसण्यातला ठोका

मी एक जुना खलनायक आहे. जुना म्हणजे वयानं नव्हे. जन्मून मला जेमतेम आठ वर्षं झाली. पण घडवणाऱ्यांनी मला जन्मतःच जुना करून ठेवला. फार पूर्वीच्या व्हिडिओ गेममध्ये असत तसे जाडेभरडे ठिपके, मोजून सोळा रंग आणि पिपाणी वाजवावी तसलं संगीत. अठ्ठेचाळीस ठिपके रुंद, चौसष्ट ठिपके उंच, एवढाच माझा देह. नाव बूतो ग्रोबोग, जात राक्षसाची. तुम्ही मला ओळखता, मित्रांनो. तुम्हाला मित्र म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी मला ठार मारलेलं आहे. काहींनी तर एका हातानं नूडल्स खाता खाता.

आमच्या खेळाचं नाव 'सात टेकड्यांचा दिवा'. त्यात राडेन लिंटांग नावाचा राजपुत्र गावोगाव फिरतो, तलवार परजतो, शक्ती वाढवत वाढवत सातव्या टेकडीवर येतो आणि मला मारून दिवा घेऊन जातो. वाटेत तो काय काय करतो हे कुणी बघत नाही. तो गरिबांच्या घरात न विचारता शिरतो, त्यांची मडकी फोडतो, आतलं औषध खिशात घालतो आणि आल्या दारानं निघून जातो. घरातली म्हातारी त्याला वर 'सुखी राहा, राजा' म्हणते. तरीही सज्जन तो आणि दुर्जन मी! त्या खेळात मी टेकडी सोडून कधी खाली उतरलेलो नाही. एक मडकं फोडलं असेल तर शपथ.

माझा जन्म योग्याकार्ताच्या दक्षिणेला, भातशेताच्या कडेला असलेल्या एका घरात झाला. वेनिंगनं मला काढलं. तिचे वडील विग्न्यो हे दालांग, म्हणजे पडद्यामागे दिवा लावून चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे. घरात बाहुल्यांची लांबलचक लाकडी पेटी होती. वेनिंगनं त्यातला लाल तोंडाचा, बटबटीत डोळ्यांचा राक्षस समोर ठेवला आणि एकेक ठिपका भरत मला उभा केला. चामड्याच्या त्या राक्षसाचा एकच हात हलायचा, म्हणून माझाही एकच हलतो. 'दुसरा हात काढायचा कंटाळा केला वाटतं' असं तुम्ही लिहिता, तेव्हा माझ्या अंगाची लाही होते. कंटाळा नाही, ही आमच्या घराण्याची रीत आहे.

माझा आवाज विग्न्योंचा. तो भरला त्या दिवशी दुपारी वेनिंगचा मावसभाऊ प्रासोजो मायक्रोफोन घेऊन बसला होता; ती त्याला मास, म्हणजे दादा, म्हणते. खेळाचं यंत्रामागचं सगळं काम तोच करतो. बाजूला गोड चहा आणि तळलेल्या टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, बशी होती. विग्न्यो मांडी घालून बसले आणि हसले. ते हसू ऐकून मलाच लाज वाटली. सर्दी झालेला कारकून हसावा तसं ते होतं.

"काका, जरा जोरात," प्रासोजो म्हणाला.

"जोरात काय, कपाळ! पेटी कुठाय माझी?"

"पेटी नको हो. ठोक्याचा आवाज येतो मध्येच. नुसतं हसा, अगदी पोटातून."

"पोटातून माणूस हसतो. राक्षस पेटीतून हसतो. ऊठ, टेंपे नंतर खा, पेटी ओढ इकडे."

पेटी आली. विग्न्योंनी उजव्या पायाच्या बोटांत लाकडी ठोकणी धरली. दालांगचे दोन्ही हात बाहुल्यांत गुंतलेले असतात, तेव्हा ताल तो पायानं धरतो. ठक्क! पेटीवर ठोका पडला आणि त्याच्या पाठोपाठ असं हसू उसळलं की बाहेरच्या पेरूच्या झाडावरची पाखरं उडाली. वेनिंग टाळ्या पिटत म्हणाली, "बाबा, हेच! मास प्रासोजो, ठोका काढायचा नाही हं."

"राहू दे बाई," प्रासोजो म्हणाला. "तुम्हा बापलेकींपुढे कोण बोलणार!"

असं माझं हसणं तयार झालं. त्या एका दुपारी विग्न्योंनी माझी तेवीस वाक्यं आणि चार हसणी दिली, आणि प्रत्येकाआधी तो ठोका होता.

खेळ बाहेर आला आणि चांगला गाजला. पण कौतुक कुणाचं? राजपुत्राचं. त्याची चित्रं लोकांनी सदऱ्यांवर छापली. त्याच्या केसांसारखे केस कापून पोरं हिंडली. माझ्या वाट्याला काय आलं? तुम्ही शोधून काढलंत की टेकडीवरच्या माझ्या देवळाच्या तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात उभं राहिलं की माझा हात पोहोचत नाही. मग तिथून मला अकरा अकरा मिनिटं मडकी फेकून मारायची! ही का लढाई? एकानं तर त्याचा व्हिडिओ केला आणि वर लिहिलं, 'राक्षस किती मठ्ठ आहे बघा'. अरे भेकडांनो, मठ्ठ कोण? चारशे टेकड्या चढून आल्यासारखा आव आणायचा आणि कोपऱ्यात लपायचं! आणि मी बोलायला तोंड उघडलं की तुम्ही बटण दाबून माझं बोलणं उडवून लावता. तुमच्यातल्या किती जणांनी माझं तेविसावं वाक्य ऐकलंय? हात वर करा बघू.

चार वर्षं मी हे सोसलं. मग एक दिवस कुणीतरी वेनिंगला लिहिलं, 'आम्हाला राक्षस होऊन खेळायचंय'. त्याच्यामागून शेकडो पत्रं आली. मला तर आकाश ठेंगणं झालं. नवी आवृत्ती ठरली. तिच्यात खेळणारा माणूस राजपुत्र नव्हे, मी होणार होता. टेकडीवरून उतरणार, सात गावं बघणार आणि शेवटी राजपुत्राला लोळवणार.

पण त्याच महिन्यात विग्न्यो आंघोळ करून येताना अंगणात कोसळले. अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचाही गेली. ज्या गळ्यातून राजे, राण्या, विदूषक, राक्षस सगळे एकाच बैठकीत बोलायचे, त्यातून आता लेकीचं नावसुद्धा निघेना. त्यांच्या खेळांच्या जुन्या कॅसेटी काढल्या तर त्यांवर पांढरी बुरशी चढलेली. वेनिंग त्या दिवशी पेटीवर डोकं ठेवून रडली. मी समोरच्या पडद्यावर उभा होतो, एक हात वर करून. मला तो खालीसुद्धा घेता येत नव्हता.

मग तिनं डोळे पुसले आणि एक गोष्ट केली. राक्षसाचा खेळ तिनं फक्त डाव्या हातानं खेळता येईल असा बांधला. चालणं, मारणं, हसणं, सगळं गेमपॅडच्या डाव्या बाजूला. दालांग राक्षस डाव्या हातातच धरतो, आणि विग्न्योंचा डावा हात शाबूत होता. राजपुत्राला दोन हात लागतात. मला एक पुरतो. जन्मल्यापासून मला पहिल्यांदाच माझ्या एका हाताचा अभिमान वाटला.

आता पाक हुतोमोंबद्दल, म्हणजे हुतोमोसाहेबांबद्दल, सांगतो, आणि सांगताना माझे ठिपके तापतात. हे जकार्त्याचे गृहस्थ नवी आवृत्ती जगभर पोहोचवणार होते. पडद्यावरच्या एका चौकोनात त्यांचं गुळगुळीत तोंड यायचं.

"वेनिंग, सगळं छान आहे," ते म्हणाले. "फक्त हा आवाज बदलू या. चांगला शिकलेला नट देतो. राक्षस आता नायक झालाय ना? नायकाला नवी वाक्यं हवीत. तुमच्या वडिलांना तर आता..."

"जुनी तेवीस वाक्यं आहेत की. त्यांत भागवीन मी."

"अहो, पण त्यात मागे कुणीतरी काहीतरी आपटतंय! लोक म्हणतील ध्वनिमुद्रण घरगुती आहे."

"घरातच केलंय. घरगुतीच असणार."

"रागावू नका हो. शुक्रवारपर्यंत नटाचा आवाज बसवून पाठवा. नाहीतर मला दुसरा खेळ बघावा लागेल."

चौकोन मिटला. प्रासोजो म्हणाला, "वेनिंग, वर्षभर राबलोय आपण. काकांना वाईट नाही वाटायचं. त्यांना कळणारही नाही."

नटाचा आवाज आला आणि बसवला गेला. मित्रांनो, तुमच्या गळ्यात कुणी दुसऱ्याचा गळा घालून पाहिलाय? तो नट वाईट नव्हता. खर्जात बोलायचा, स्वच्छ हसायचा. दात घासून, केस विंचरून हसावं तसा! आणि माझं तोंड मात्र ते माझंच असल्यासारखं हलत होतं. मला ज्या दिवशी जिंकायला मिळणार होतं, त्याच दिवशी यांनी मला मुका केला होता.

शुक्रवारी सकाळी, पाठवण्याआधी, वेनिंगनं गेमपॅड विग्न्योंच्या डाव्या हातात दिला.

"बाबा, तुमचा राक्षस. खेळून बघा."

त्यांनी मला चालवलं. काय चालवलं म्हणून सांगू! तुमच्यासारखी धावपळ नाही, उड्या नाहीत. दोन पावलं, थांबणं, मान वर, पुन्हा एक पाऊल. पडद्यामागे बाहुली चालते तसा मी चाललो. पहिल्या गावाच्या वेशीवर त्यांनी हसण्याचं बटण दाबलं.

नट हसला.

विग्न्यो थबकले. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. नट पुन्हा हसला. त्यांचा चेहरा लाल झाला, वाकड्या ओठांतून नुसती हवा बाहेर पडली. मग त्यांनी डावी टाच उचलली आणि समोरच्या मेजाच्या पायावर हाणली. ठक्क! पुन्हा बटण, पुन्हा तो गुळगुळीत आवाज, पुन्हा टाच. चहाचा पेला हिंदकळून सांडला. प्रासोजो धावला, "काका, लागेल तुम्हाला!" त्यांनी त्याला डाव्या कोपरानं ढकलून दिलं आणि आणखी एकदा टाच मारली. चुकीच्या ठिकाणी नाही, बरोबर हसण्याच्या आधी, तालात. तेवढ्या वेळेपुरता मी माझा संताप विसरलो. माझ्या बाजूनं भांडणारा एक माणूस या जगात होता आणि त्याला बोलता येत नव्हतं.

"कळणार नाही म्हणत होतास ना?" वेनिंग प्रासोजोला म्हणाली.

प्रासोजोनं मान खाली घातली. "चुकलो मी. जुना आवाज माझ्याकडे आहे. आत्ता लावतो."

त्यानं लावला. विग्न्योंनी बटण दाबलं. ठक्क, आणि मागून विग्न्योच हसले, पाच वर्षांपूर्वीचे, टेंपे खाऊन तृप्त झालेले विग्न्यो. खुर्चीतल्या विग्न्योंनी टाच खाली टेकवली. मग ते दुपारपर्यंत खेळले आणि त्यांनी राजपुत्राला सातव्या टेकडीवर लोळवला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, पण खरं सांगतो, ते मला आता फारसं आठवत नाही.

मला आठवतं ते त्याच्या नंतरचं. पूर्वी पडद्यामागचा खेळ संपला की विग्न्यो बाहुल्यांची तोंडं मऊ फडक्यानं पुसून त्या पेटीत ठेवत. ज्यांनी मार खाल्ला त्यांना आधी, राजांना मागाहून. त्या दिवशी त्यांनी खुणेनं ते फडकं मागितलं. वेनिंगला वाटलं सांडलेल्या चहासाठी हवंय. ते पुढे वाकले आणि डाव्या हातानं त्यांनी पडद्यावरचं माझं तोंड पुसलं. सावकाश, कपाळापासून सुळ्यांपर्यंत. नऊ लाख वेळा तुम्ही मला मारलंत, मित्रांनो. तोंड पुसणारा तो एकच.

वेनिंगनं त्याच संध्याकाळी पाक हुतोमोंना कळवलं, 'आवाज बदलणार नाही'. त्यांनी हात झटकले. आवृत्ती आम्ही आमची आम्हीच बाहेर काढली. थोडे लोक खेळले, मग नवे खेळ आले आणि आम्ही मागे पडलो. त्याचं मला दुःख नाही. दालांगच्या पेटीत बाहुल्याही महिनोन्महिने पडून असतात.

गेल्या वर्षी भाताच्या कापणीत विग्न्यो गेले. चामड्याचा राक्षस आता वेनिंगच्या खोलीत भिंतीला टेकून असतो. काम करता करता ती मध्येच मला उघडते, हसण्याचं बटण एकदा दाबते आणि पुन्हा कामाला लागते.

आणि आता तुम्ही काय केलंत? तुमच्यातल्या कुण्या हुशारानं मूळ खेळासाठी एक दुरुस्ती बनवली. ती बसवली की माझ्या हसण्याआधीचा ठोका नाहीसा होतो. 'खेळातला एक जुना दोष काढला' असं त्यानं अभिमानानं लिहिलंय आणि हजारोंनी ती बसवून घेतली. दोष! मला मठ्ठ म्हणालात, मी गिळलं. कोपऱ्यातून मडकी मारलीत, तेही गिळलं. हे मात्र मी गिळणार नाही. तुमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की हा आवाज आला कुठून?

आता आला कुठून ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा ती दुरुस्ती काढून टाका. मग या सातव्या टेकडीवर. तलवार आणा, हवी तर मडकीही आणा, तिसरी पायरीसुद्धा तुमचीच. मला मारा. ते माझं कामच आहे आणि मी ते चोख करीन. पण मी तोंड उघडीन तेव्हा बटणावरचं बोट तेवढं उचला, आणि मला हसून घेऊ द्या. आधी पेटीवर ठोका पडेल. तो विग्न्योंचा आहे.