माहितीची चौकट

मांडीवरच्या लेकीला डाव्या हाताने सावरत तिने शेवटच्या फोटोची माहितीची चौकट उघडली. नवऱ्याचं नाव लिहिलं. मग दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि त्याखाली लेकीचंही लिहिलं.

दोन महिने हेच चाललं होतं. सासऱ्यांनी घराण्याच्या वंशावळीच्या वह्यांचे फोटो काढून घेतले होते. कुणी नाव शोधलं की त्याचं पान समोर यावं, म्हणून संगणकावर प्रत्येक फोटोच्या चौकटीत त्या पानावरची नावं भरायची होती. वह्यांमध्ये मुलगे नावानिशी होते. मुलींच्या जागी नुसता आकडा: कन्या दोन, कन्या चार. लेक झोपली की ती एकेकीला फोन करून नावं विचारायची आणि गुपचूप भरून टाकायची.

रविवारी नवऱ्याने सगळे फोटो नातेवाइकांना पाठवले. तासाभरात सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. लेक कडेवर होती, म्हणून तिने स्पीकर लावला.

“काय गं, माझं नाव घातलंयस म्हणालीस ना? मघापासून शोधतेय. माझं सोड, दादासुद्धा सापडत नाहीये!”

समोर सासऱ्यांच्या हातातलं वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

“मी नंतर करते, आत्या.”

नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “फार जागा खात होते. बारीक करून पाठवले, मोठे पुसून टाकले. फोटो दिसतायत ना?”

“फोटो दिसतायत. बारीक करताना चौकटीत भरलेलं सगळं गेलं.”

“मला काय स्वप्न पडणार होतं? आधी बोलायचंस.”

कशी बोलणार होती? आत काय भरलंय ते कुणी उघडून पाहिलं असतं तर?

सासरे ओरडले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

“वह्या आहेत अजून. परत भरू. या वेळी मी बसतो शेजारी. तुझा गोंधळ नको व्हायला.”

दुसऱ्या दिवसापासून तिच्या खुर्चीला खुर्ची लागली. ते बोट ठेवून वाचायचे, ती लिहायची. आत्यांच्या पानावर तिची बोटं अडखळली.

“कन्या तीन,” सासरे म्हणाले. “वहीत आहे तेवढंच, सूनबाई. आणि कळव तिला, आता दादा सापडेल म्हणून.”

पंधरवड्याने शेवटचं पान आलं. तिने नवऱ्याचं नाव लिहिलं आणि थांबली. लेक मांडीवर उभी राहायला धडपडत होती.

“खाली एक ओळ मोकळी ठेव,” सासरे अगदी मायेने म्हणाले. “पुढेमागे लागेल.”

लेकीचा हात कळफलकाकडे झेपावला. तिनेच तो धरला आणि मागे घेतला.