पहिला खट त्यांचा, दुसरा माझा

मी जुना आहे, हे मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. नाहीतर दीपेश सांगेल, आणि त्याच्या तोंडून ते ऐकणं मला सोसत नाही.

मी डीएसएलआर कॅमेरा. माझ्या पोटात एक आरसा आहे. समोरचं जग भिंगातून आत येतं, आरशावर पडतं आणि फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत जातं. जसं आहे तसं, पावडर न लावता. बटण दाबलं की आरसा उडी मारून वर जातो, आतला पडदा उघडतो-मिटतो आणि मी म्हणतो, 'खट!' माझं सगळं बोलणं एवढंच. पण लोकांनी ते कान देऊन ऐकलेलं आहे.

परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात मी घडलो. मुंबईच्या दुकानात काचेआड बसून कंटाळलो. तिथून स्नेहलने मला घेतलं आणि एसटीत सगळी वाट मांडीवर धरून महाडला आणलं. बाजारपेठेत तिच्या वडिलांचा, भिकाजींचा, फोटो स्टुडिओ होता. भिकाजींनी मला हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, "जड हाय. बरं झालं, हात हलायचा नाय." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

सावित्रीचं पाणी बाजारात शिरलं, त्या वर्षी घरातलं कपाट बुडालं, टीव्ही बुडाला, भिकाजींची गादी तर पोहतच गेली. मी मात्र लुगड्यात गुंडाळलेला, माळ्यावर स्नेहलच्या कुशीत होतो. तेव्हापासून मी तिचा झालो.

आम्ही मिळून कितीतरी नवऱ्या सासरी धाडल्या, कितीतरी बारशांचे पाळणे हलवले. आमच्या डोंगराकडच्या म्हाताऱ्या माणसांची फोटोला बसायची एक रीत आहे. देवापुढे बसल्यासारखं बसायचं. पदर डोक्यावर, हात गुडघ्यांवर, श्वास रोखलेला. 'खट' ऐकू येईपर्यंत पापणी लवत नाही. आणि खट झालं की श्वास सुटतो, खांदे उतरतात, दगडाच्या चेहऱ्यात माणूस परत येतो. नेमकी त्याच घडीला स्नेहल दुसऱ्यांदा बटण दाबते. पहिला खट त्यांचा, दुसरा माझा, असा आमचा धर्म. भिंतीवर लागतो तो दुसरा.

पण हे कळतं कोणाला? लग्नात नवऱ्याचे मित्र जवळ येतात आणि विचारतात, "किती मेगापिक्सेल?" आमटी चाखायच्या आधी पळीची लांबी विचारणारी ही जात. गडाखालच्या हिरकणीवाडीला लग्नाआधीचे फोटो काढायला येऊन रंगीत धूर सोडणारी जोडपीही पाहिली. गड पाठीमागे, तोंड पुढे, आणि धुरात दोन्ही दिसत नाहीत. मोबाइलवर कॅमेऱ्यांची तुलना करणारे पंडित तर विचारूच नका. तासभर बोलतात आणि शेवटी फोटो दाखवतात घरच्या मांजराचा. मांजर बिचारं दोन्ही फोटोंत सारखंच झोपलेलं.

असल्याच पंडितांचा चेला म्हणजे दीपेश, स्नेहलचा चुलतभाऊ. मुंबईत एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे राहून परत आला आणि स्टुडिओत पाय ठेवताच म्हणाला, "ताई, डीएसएलआर खतम. आता दुनिया मिररलेसची हाय."

मित्राकडून चार दिवसांसाठी आणलेला एक त्याच्या गळ्यात होताच. मिररलेस! पोटात आरसा नाही, हे त्याने नावातच मिरवावं! बिनशेपटीच्या बैलाने शेपूट नसल्याचा तोरा मिरवावा, तसं. अंगाने काटकुळा. त्याला डोळा लावला तर जग दिसत नाही, जगाचा टीव्ही दिसतो. आणि खादाड असा, की पंगत बसायच्या आत दोनदा बॅटरी मागतो. वर पुन्हा मुका. दीपेशने त्याचा आवाज मुद्दाम बंद ठेवलेला. "विधीत खटखट नको ताई. क्लास दिसत नाय."

"तू सांगतोस म्हणून मी घेणार नाही आणि हा जुना मित्र म्हणून ठेवणारही नाही," स्नेहल म्हणाली. "पोट यावर चालतं आपलं. परवाचं काम आहे ना, त्या अपेक्षाच्या लग्नाला दोन्ही नेऊ. तुझा सरस ठरला, तर हा पुण्याच्या दुकानदाराला देऊन नवा घेऊ."

मी पिशवीत होतो. पिशवीला कान नसतात, मला होते.

अपेक्षाचं घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. अंगणात मांडव, मांडवाला आंब्याचे डहाळे. तिची आजी प्रयागबाई सकाळपासून उंबऱ्याशी बसून ओव्या म्हणत होती. तिच्या एका ओवीपाशी स्नेहलचं बोट माझ्या बटणावर थांबून राहिलं.

डोंगराच्या वाटेवरी ऊन पडे गो कवळं,
धनी चाले पुढं पुढं, माझं पाऊल जवळं.

तिचा धनी हैबती. आता काठीशिवाय दोन पावलं जात नव्हता. छातीतून खरखर ऐकू यायची. पुढचं भात काही हा बघत नाही, हे वाडीला माहीत होतं आणि त्यालाही.

लग्न लागलं, माळा पडल्या. मग प्रयागबाईने स्नेहलची बाही धरली. "बाय गो, एक मागणं हाय. आमचा दोघांचा फोटू काढ. जन्मभर यांच्या मागनं चालले. एकदा शेजारी बसूं दे."

स्नेहल हो म्हणते आहे तोवर मांडवातून हाक आली, नोंदवहीत नवरीच्या सहीचे फोटो राहिलेत. "दीपेश, तू काढ रे. मी आलेच."

दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. हैबतीने टोपी सारखी केली. प्रयागबाईने पदर ओढून घेतला. दोघांनी श्वास रोखला. दीपेशने मिररलेस डोळ्याला लावला आणि काढत सुटला. पाच, दहा, वीस. आवाज नाही. समोर दोन दगडी मूर्ती. हैबतीचा चेहरा तांबडा झाला, मग जांभळा.

"झालं आजी!"

"झालं कसं? वाजला कुठं?"

"तो वाजत नाय आजी. नवीन हाय. हे बघा." त्याने मागचा पडदा पुढे केला. भर उन्हात तिच्या मोतीबिंदू आलेल्या डोळ्यांना काय दिसणार?

"काळी पाटी दावतोस होय रे? नवऱ्या पोरीचा काढताना बरं तुमचं चालतं दिसभर. आमी म्हातारी म्हणून नुसता हात हलवलास?"

हैबती खोकत खोकत हसला. "अगो, आपला कशाला काढतील? फुकाट जायचा." आणि तो काठी टेकून उठायला लागला. ती त्याच्या मागून उठली, नेहमीसारखी.

दीपेश घाम पुसत त्या काटकुळ्याच्या पोटात आवाजाचं बटण शोधत होता. सापडलं. निघाला काय, तर 'टिक'. पालीने चुकचुकावं तसा. कोणी वळूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात स्नेहल आली. तिने हैबतीचा हात धरून त्याला परत बसवलं, मला उचललं. "आजी, आता ऐका हां."

खट!

अंगणात लाह्या फुटाव्यात तसा मी वाजलो. हैबतीचा श्वास सुटला. "वाजला गो!" तो म्हणाला आणि शेजारी पाहिलं. प्रयागबाई पदराआड हसली. तिचा हात त्याच्या गुडघ्यावर कधी गेला, तिलाही कळलं नसावं.

खट!

मित्रांनो, फोटो घेताना माझा आरसा वर उडतो आणि तेवढं निमिषभर बघणाऱ्याच्या डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे जो क्षण मी धरला, तो स्नेहलने पाहिलाच नाही. तो फक्त मी पाहिला.

घरी आल्यावर दोघं भाऊबहीण संगणकापुढे बसले. खरं सांगतो, कारण मला आरसा आहे. मांडवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातले त्या मुक्याचे फोटो माझ्याहून स्वच्छ होते. नवरी चालत असताना त्याची नजर तिच्या डोळ्यांवरून ढळली नव्हती. स्नेहल म्हणाली, "लग्नांना यापुढे हाच घ्यायचा." दीपेशच्या मिशा फुलल्या. मग तिने प्रयागबाई-हैबतीचे फोटो उघडले. त्याचे वीस: दोन माणसं बुडताना. माझा दुसरा: दोन माणसं.

दीपेशने आपले वीसही फोटो स्वतःच बंद केले. त्याला शोभत नाही, पण केले.

"नवा हप्त्यावर घेऊ," स्नेहल म्हणाली. "हा विकायचा नाही."

भात कापायच्या आधीच हैबती गेला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात, आणि जोडीचाच फोटो असेल तर हयात माणसाला बाजूला काढून एकट्याचा करून घेतात. दीपेश बाराव्याच्या दिवसाला गेला होता. म्हणाला, "आजी, आजोबांचा वेगळा करून देतो. मोठा करून, हार घालायला."

प्रयागबाईने भिंतीवरच्या जोडीच्या फोटोकडे पाहिलं. "तोडू नको रे बाबा. येवढाच एक जवळचा हाय. हार नसला तर नसूं दे."

तो फोटो तसाच आहे. हाराशिवाय. येणारे-जाणारे त्याच्यापुढे उभे राहतात, पण मेगापिक्सेल किती, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

तर मित्रांनो, कॅमेरा निवडायला बसाल तेव्हा पंडितांच्या आधी समोर बसणाऱ्या माणसाला विचारा. आणि जुना काढून टाकला नाहीत, तर निदान कपाटात कोंडू नका. आमच्या दमट मुलखात बुरशी धरते ती कोंडलेल्या काचेला. रोज माणसं बघणाऱ्या काचेला ती शिवत नाही.

परवा वरच्या वाडीतून बोलावणं आलं. दीपेशने आपला काटकुळा गळ्यात घातला, दारापर्यंत गेला, मग परत आला.

"ताई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिकडं म्हातारी माणसं हायत. तो वाजणारा पण घेतो."